सुशी आणि मुडदुशी

समुद्रकांठच्या गांवीं गेलें म्हणजे चांगला मासा आपोआप ताटांत येऊन पडतो, असा आमचा पुष्कळ वर्षांचा समज होता. आमचा जन्म मालवणचा. तेव्हां हा समज आम्हांला कोणी शिकविला असें नाहीं, तो अंगड्याटोपड्याबरोबरच मिळाला असावा. पुढें पोटापाण्याच्या निमित्तानें मुंबई, पुणें आणि शेवटीं टोकियो असा प्रवास घडला, तरी या समजाला धक्का बसला नव्हता. तो बसला २०२५ सालच्या जुलै महिन्यांत, जपानच्या इझू द्वीपकल्पावरील शिमोदा नांवाच्या गांवीं.

त्या सहलीचें निमित्त आमची आई. आमचे वडील २०२४ च्या माघांत वारले. तेव्हांपासून आई मालवणच्या घरीं एकटी. शेजारीपाजारी, पडवींतलीं मांजरें आणि सकाळीं दारावरून हांक घालीत जाणारी मासेवाली एवढाच तिचा परिवार. एकुलता एक मुलगा परदेशीं आणि आईचें वय शहात्तर, ही गोष्ट आमच्या मनाला सारखी टोंचत असे. जपानचा कायदा असा कीं, आमच्यासारख्या नोकरदारास आईबापांना कायमचें जवळ आणून ठेवणें सहसा साधत नाहीं. भेटीला म्हणून फार तर नव्वद दिवस. तेव्हां वर्षदीड वर्षाचें राहिलेलें सगळें त्या नव्वद दिवसांत भरून काढावें, अशा कांहींशा हिशेबी बुद्धीनें आम्हीं तिला वर्षश्राद्ध उरकल्यावर, जूनच्या मध्यास, टोकियोला आणलें.

आम्ही राहतों त्या निशी-कासाई भागांत आपल्या लोकांची वस्ती पुष्कळ. तुरीची डाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, गोठविलेलें खवलेलें खोबरेंही मिळतें. आईला कशाचीही उणीव भासणार नाहीं असें आम्हीं बजावून सांगितलें होतें. पण आई जेवेना. म्हणजे पानावर बसे, चार घांस खाई, ‘पुरे’ म्हणून उठे. पहिल्या महिन्यांत वजनकांट्यावर ती अडीच किलो उतरली. तब्येत दाखविली, तर तींत कांहीं खोट निघाली नाहीं. मासे आणले, तर तेही तिनें बाजूला सारले. येथील मोठ्या दुकानांतला मासा म्हणजे पांढऱ्या तबकडींत, पारदर्शक कागदाखालीं निजविलेला, कातडी सोललेला, कांटा काढलेला तुकडा. अतिशय स्वच्छ, आणि बहुतेक वेळां अतिशय उत्तम. परंतु आईनें तो कागदावरून बोटानें चांचपला आणि म्हणाली, “ह्येका डोळो नाय, कल्लो नाय, माका कसां कळतलां ह्यो कोण तो?”

आम्हांला तेव्हां हें वृद्धपणाचें खूळ वाटलें. ज्या बाईनें पन्नास वर्षें रोज सकाळीं माशाची परीक्षा करून त्यावर घर चालविलें, तिच्या हातून आम्हीं ती परीक्षा काढून घेतली होती, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. कपडे यंत्र धूत होतें, भांडीं यंत्र घांशीत होतें, भात यंत्र शिजवीत होतें. आणि आई खिडकीशीं बसून समोरच्या इमारतींतल्या खिडक्या मोजीत होती.

एके दिवशीं ती म्हणाली, “रे झिला, दर्या दाखय माका.” आम्ही तिला जवळच्या उपसागराकांठीं घेऊन गेलों. तिनें इकडेतिकडे पाहिलें आणि ‘ही खाडी’ एवढेंच म्हणून पाठ फिरविली.

जुलैच्या तिसऱ्या सोमवारीं जपानांत समुद्राच्या नांवानें सुटी असते. २०२५ सालीं ती २१ तारखेस आली आणि शनिवारपासून तीन दिवस लागोपाठ मिळाले. पण पंचांग आडवें आलें. २५ तारखेस श्रावण लागणार. श्रावण लागला कीं नारळी पौर्णिमेपर्यंत आई माशाला शिवत नाहीं. त्यांतच सोमवारीं ती मुळींच मासे खात नाहीं आणि या सोमवारीं तर एकादशीही होती. म्हणजे शनिवार आणि रविवार असे दोनच दिवस हातीं होते. त्या दोन दिवसांत आईच्या पोटांत चार घांस आवडीनें जावेत, एवढीच आमची इच्छा होती. आमच्या चौदा वर्षांच्या कन्येची इच्छा निराळी होती. तिला समुद्रकांठीं बसून सुशी खावयाची होती. सुशीचें नांव काढतांच आई म्हणाली कीं, कच्चा मासा मांजरानें खावा.

शिमोदा हें गांव इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या पेरीनें आपल्या काळ्या जहाजांचा धाक दाखवून १८५४ सालीं जपानशीं तह केला, त्या तहानें परक्यांना मोकळ्या झालेल्या दोन बंदरांपैकीं हें एक. तो सर्व इतिहास आम्हीं आगगाडींत कन्येला समजावून दिला आणि तिनें तो खिडकीबाहेर पाहत सोशिकपणें ऐकून घेतला. टोकियोहून पावणेतीन तासांच्या आंत गाडी तेथें पोंचते. आतामी मागें पडलें कीं डाव्या बाजूस समुद्र दिसूं लागतो. मग बोगदा, पुन्हां समुद्र, पुन्हां बोगदा. आईनें त्या सगळ्या वेळांत एकदांही मान उजवीकडे वळविली नाहीं.

आम्हीं स्वयंपाकघर असलेलें एक लहानसें घर भाड्यानें घेतलें होतें. परंतु पहिल्या संध्याकाळीं स्वयंपाक कशाला, म्हणून आम्ही सर्वांना जेवावयास बाहेर नेलें. यासाठीं आम्हीं आधीं आठवडाभर अभ्यास केला होता. मोबाइलवर कोणत्या दुकानाला किती तारे, किती लोकांनीं काय म्हटलें, कोणाच्या ताटाचें छायाचित्र कसें, हें सर्व पाहून एक सुशीचें दुकान नक्की केलें होतें. त्याचें नांव आम्ही सांगत नाहीं. त्यानें आमचा कांहीं अपराध केला नाहीं, अपराध असेल तर तो आमच्या अभ्यासाचा. बाहेर पाऊण तास रांगेंत उभे राहिलों. आंत एका फिरत्या पट्ट्यावरून तबकड्या समोरून जात होत्या. ही युक्ति ओसाकाकडील एका सुशीवाल्यानें १९५८ सालीं प्रथम दुकानांत आणली, हेंही आम्हीं कन्येला सांगितलें. तबकड्यांवर होतें काय, तर तांबडा ट्यूना, नारिंगी सॅमन आणि उकडलेली कोळंबी. ट्यूना मधोमध अजून गार होता. दांताला बर्फाची कणी लागत होती.

आईनें सॅमनकडे बोट दाखवून विचारलें, “ह्यो हयचोच मां?” कन्येनें तेथल्या पोऱ्याला विचारलें. तो फार प्रामाणिक मुलगा. त्यानें नम्रपणें सांगितलें कीं, सॅमन नॉर्वेचा, कोळंबी परदेशची, आणि ट्यूना दूरच्या महासागरांतला.

आई आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “नॉर्वेचो मासो खावक आमी हयसर इलंव?” आणि हंसली. टोकियोला आल्यापासून ती प्रथमच हंसली. परंतु जेवली नाहीं. घरीं येऊन तिनें चहांत बुडवून दोन बिस्किटें खाल्लीं आणि झोंपली.

त्या रात्रीं आम्हीं या गोष्टीचा विचार केला. वस्तुतः यांत फसवणूक कांहीं नव्हती. दूरच्या समुद्रांत धरलेला ट्यूना जहाजावरच गोठवितात आणि उणें साठ अंशांच्या थंडींत ठेवतात. शिमोदा ज्या शिझुओका प्रांतांत आहे त्याच प्रांतांतलें शिमिझू हें अशा गोठविलेल्या ट्यूनाचें मोठें बंदर. नीट हलक्या हातानें वितळविला तर तो मासा उत्कृष्टच लागतो. सॅमनची गोष्ट आणखी मौजेची. कच्चा सॅमन खाण्याची चाल जपानांत पूर्वी नव्हतीच. १९८० नंतरच्या दशकांत नॉर्वेच्या लोकांनीं आपला पाळलेला सॅमन खपविण्यासाठीं खटपट करून ती रुजविली. आणि गिऱ्हाईक आज तेंच मागतें! डोंगरांतल्या गांवीं जी तबकडी, तीच समुद्रकांठीं. आमच्या मालवणांत तरी दुसरें काय आहे? ऐन जून-जुलैंत, यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतां, पाहुणे सुरमई आणि पापलेट मागतात, आणि खानावळवाले बर्फांतली सुरमई तळून देतात. सुटीवर आलेला मनुष्य समुद्रांत आज काय आहे हें विचारीतच नाहीं. आपल्या मनांत काय आहे तेवढेंच तो मागतो. आम्हीही तेंच केलें होतें, आणि वर तारे मोजले होते.

रविवारीं पहांटे आम्हांला सौभाग्यवतींनीं हलवून जागें केलें. आई घरांत नव्हती.

दार लोटलेलें, चपला नाहींत, मोबाइल उशीशीं तसाच. बाहेर लख्ख उजाडलें होतें. जपानांत जुलैमध्यें पांचाच्या आधींच सूर्य वर येतो. परक्या गांवीं, परक्या भाषेंत, नांवपत्ता सांगतां न येणारी म्हातारी! आम्ही एका बाजूस आणि सौ. दुसऱ्या बाजूस अशीं दोघें धांवत सुटलों. कन्येला घरीं बसविलें होतें. तीही थोड्या वेळानें मागून आली. समुद्राकडे गेलों, किनाऱ्यावर कोणी नव्हतें. त्या वेळीं मनांत काय काय आलें तें येथें लिहीत नाहीं. वीस-पंचवीस मिनिटांनीं धक्क्यामागच्या एका अरुंद गल्लींत आई सांपडली. एका दुकानाचें अर्धें दार वर केलेलें, पुढें पाणी शिंपडलेलें, आणि तीन मांजरें ओळीनें बसलेलीं. त्यांच्याशेजारीं आई.

आम्ही रागावण्याच्या बेतांत होतों, पण तिनें आधींच खुलासा केला, “जंय मांजर बसता, थंय मासो असता.” ती मांजरांच्या मागून आली होती.

दुकान म्हणण्यासारखें तें दुकान नव्हतें. पाटी पुसट झालेली. आंत थर्मोकोलच्या पांचसहा पेट्या, त्यांत बर्फ आणि मासे. रबरी बूट घातलेली एक बाई, वय आईच्याच आसपास, नळीनें फरशी धूत होती. आम्ही आंत पाऊल टाकतों न टाकतों तोंच आईनें पहिल्या पेटींतल्या एका माशाच्या पोटांत तर्जनी रोंवली.

जपानांत राहिलेल्यांस या कृत्याची भीषणता सांगावयास नको. येथें गिऱ्हाईक माशाला हात लावीत नाहीं. दुकानदार देईल तो घेऊन आभार मानावयाचे. सौ. नी डोळे मिटून घेतले. आम्हीं क्षमा मागण्यासाठीं जपानी शब्दांची जुळवाजुळव सुरू केली. परंतु त्या बाईनें आमच्याकडे पाहिलेंच नाहीं. ती आईच्या बोटाकडे पाहत होती. आईनें पोट दाबलें, बोट उचललें आणि पडलेला खळगा भरून येतो कीं नाहीं तें पाहत थांबली. मग डोळा पाहिला. मग कल्ल्याकडे हात नेला, पण मध्येंच कांहीं आठवल्यासारखें होऊन थांबली आणि त्या बाईकडे पाहिलें. बाईनें नळी खालीं ठेवली, पुढें आली, आणि स्वतःच्या आंगठ्यानें कल्ला उघडून दाखविला.

“कालचो,” आई म्हणाली.

आम्ही भाषांतर करणार, तोंच बाईनें मान डोलावली आणि जपानींत सांगितलें कीं, हा ‘आजी’ कालचाच आहे. तळून खा, कच्चा खाऊं नका. हा ‘आजी’ म्हणजे बांगड्याच्या चेहऱ्यामोहऱ्याचा एक मासा. आपल्याकडील आजींनीं या नांवावरून रागावूं नये. त्यावरून कन्येनें तेथेंच बराच विनोद केला, तो सोडून देऊं.

मग बाईनें आम्हांला काय हवें तें विचारलें. आम्हीं मोठ्या ऐटीनें ‘किनमेदाई’ मागितला. शिमोदा या माशाचें प्रसिद्ध बंदर आहे. शेंकडों मीटर खोल पाण्यांत राहणारा, लालभडक अंगाचा आणि सोनेरी डोळ्यांचा हा मासा सोया, साके आणि साखरेच्या रसांत शिजवितात, हें आम्हीं वाचलें होतें. पेटींत एक होताही. आईला त्याचा डोळा दिसला आणि ती “परातीएवढो डोळो!” म्हणून दोन पावलें मागें सरली. पण बाई म्हणाली, “हा आज नको. हा संध्याकाळच्या एका गिऱ्हाइकासाठीं ठेवला आहे, आणि तुम्हांला शिजवितां येणार नाहीं.” दुकानदार आपल्या तोंडानें ‘नको’ म्हणतो, ही गोष्ट आमच्या आठवड्याभराच्या अभ्यासांत कोठेंही आली नव्हती. मालवणांत मात्र ती आईनें आयुष्यभर ऐकली होती. तिची नेहमींची मासेवाली टोपलीवरचें फडकें न काढतांच ‘आज तुमच्या जोगता नाय’ म्हणून पुढें जात असे, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं आई तिचीच वाट पाही.

आईच्या चेहऱ्यावरून त्या बाईला काय कळलें कोण जाणे. तिनें खालची एक लहान पेटी ओढून वर ठेवली. बर्फावर वीतभर लांबीचे, निमुळत्या तोंडाचे, रुपेरी अंगावर किंचित् पिंगट झांक असलेले मासे ओळीनें निजले होते. पहांटे लहान होडीनें आणलेले.

“अगो बाय माझ्या!” आई ओरडली. “मुडदुशे!”

जपानींत याला ‘किसु’ म्हणतात. आम्हीं हा मासा टोकियोंत भज्यासारखा तळलेला कितीदां तरी खाल्ला होता, पण कातडी-डोकें नसलेल्या त्या पांढऱ्या फांकेंत आम्हांला मुडदुशी कधीं दिसली नाहीं. मागाहून पाहिलें तेव्हां कळलें कीं आई बरोबर होती: मालवणची ती सिलॅगो सिहामा आणि जपानची ती सिलॅगो जापोनिका, दोघी एकाच घराण्यांतल्या सख्ख्या नव्हेत तरी चुलत बहिणी. दोघींनाही वाळूचा उथळ किनारा लागतो. पुस्तकांतून मिळावयाचें तें ज्ञान आईला पेटींत पाहतांच झालें.

पुढचा व्यवहार आमच्यावांचून झाला. आईनें दोन्ही हातांचीं बोटें दोनदां दाखविलीं. बाईनें वीस मोजले. आईनें कन्येला ‘भाव कर’ म्हणून डोळ्यानें खुणावलें. कन्येनें तें भाषांतर करण्याचें साफ नाकारलें. पण पैसे दिल्यावर बाईनें आपणहून वर दोन मासे घातले. जपानींत या वरघालीला ‘ओमाके’ म्हणतात. तो शब्द आईला कोणी समजावून दिला नाहीं. तिनें ते दोन मासे हातानें थोपटले आणि बाईला नमस्कार केला. बाईनें कमरेंत वांकून उलट नमस्कार केला.

घरीं आल्यावर आईनें स्वयंपाकघराचा ताबा घेतला. विळी नाहीं म्हणून क्षणभर पंचाईत झाली. मग नातीला पुढें बसवून तिच्या हातांत चमचा दिला आणि शेपटाकडून डोक्याकडे खवले कसे काढावे तें दाखविलें. सौ. ना तांदळाचें पीठ शोधावयास पाठविलें. आम्हांला ‘मधीं मधीं येव नको’ म्हणून बाहेर काढलें. तिच्या पिशवींतून हळद निघाली, तिखट निघालें, आमसोलें निघालीं. हीं टोकियोंतल्या महिनाभरांत कधीं बाहेर आलीं नव्हतीं. मासे डोक्यासकट तळले गेले. आई सर्वांना वाढून मग बसली आणि जेवूं लागली. आम्ही तिच्याकडे न पाहण्याची खटपट करीत होतों. तिच्या पानाच्या कडेला एक कांटा आला, मग दुसरा, मग तिसरा. पांच कांटे झाले. सौ. नी आमच्याकडे पाहिलें, आणि पुन्हां खालीं पाहून भात कालवूं लागल्या.

मग आईच म्हणाली, “तेंका आजारपणात हेच करून घाली होतंय. हलको मासो. मगे हात लावूक नाय.”

आम्हांला हें ठाऊक नव्हतें. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यांत आम्ही दोनदां येऊन गेलों होतों, प्रत्येक वेळीं आठ-दहा दिवस. पण त्यांच्या ताटांत काय होतें तें आम्हीं पाहिलें नव्हतें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. कन्येनें आणखी एक मासा मागून घेतला.

सुशीची गोष्ट राहिली. सकाळीं निघतांना कन्येनें त्या बाईला चांगल्या सुशीचें दुकान विचारलें होतें. बाईनें आमच्या यादींत नसलेलें एक नांव सांगितलें, वर तेथें स्वतः दूरध्वनीही केला. संध्याकाळचा तो किनमेदाई तिकडेच जावयाचा होता! आठ माणसें बसतील एवढेंच तें दुकान. फळीमागें मालक एकटा. काय आहे म्हणून आम्हीं विचारलें तेव्हां त्यानें आधीं काय नाहीं तें सांगितलें: ट्यूना नाहीं, सॅमन नाहीं, आणि शेवंड सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धरावयाची नाहीं म्हणून तीही नाहीं. आम्हांला तत्काळ त्या मनुष्याविषयीं विश्वास वाटला.

आजी कच्चें खात नाहीं, हें कन्येनें त्याला कांहींशा ओशाळेपणानें सांगितलें. तो म्हणाला, हरकत नाहीं. जुन्या सुशींत कच्चें होतेंच कोठें फारसें? मग हात चालवीत चालवीत त्यानें जें सांगितलें त्याचा सारांश असा. सुशीचें मूळ म्हणजे भातांत महिनेच्या महिने आंबवून टिकविलेला मासा. बिवा सरोवराकांठीं तसा अजूनही करतात. भाताच्या मुठीवर माशाची फांक ठेवून हातोहात देण्याची आजची रीत १९ व्या शतकाच्या आरंभींची, जुन्या एडो शहरांतली. हानाया योहेई नांवाच्या सुशीवाल्याला तिचें श्रेय देतात. बर्फ नव्हता, म्हणून कांहीं मासे मिठांत आणि शिरक्यांत मुरवावयाचे, कांहीं सोयांत बुडवावयाचे, कोळंबी उकडावयाची, वाम मंद आंचेवर शिजवावयाची. भातांतही शिरका. म्हणजे आमची कन्या जिला सुशी समजत होती ती सुशीची नात, आणि हा मनुष्य आजीला आजीच वाढीत होता.

शिजविलेली वाम आईनें खाल्ली. अंड्याची गोडसर वडी खाल्ली. आंबट भाताविषयीं तिची कांहीं तक्रार दिसली नाहीं. दहीभात खाणाऱ्याला त्यांत नवल वाटण्यासारखें नाहीं. आम्हांला त्यानें कातडीवर आंच धरलेला किनमेदाई दिला आणि सांगितलें कीं, हा आजचा नव्हे, तीन दिवस बर्फांत विसावलेला आहे. मोठा मासा धरल्याबरोबर खाल्ला तर नुसता चिवट लागतो, चव मागून उतरते. ‘मासो सकाळचो सकाळीच’ या आमच्या घरच्या सिद्धांताला हा थोडा छेदच; आईला आम्हीं तो मुद्दामच सांगितला नाहीं. येथें वाचकांसाठीं एक गोष्ट मात्र सांगून ठेवतों. कच्च्या माशाविषयीं आईला वाटणारी भीति अडाणीपणाची नाहीं. समुद्रांतल्या कित्येक माशांत अनिसाकिस नांवाचा बारीक जंत असतो. तो शिरक्यानें मरत नाहीं, तिखट वासाबीनेंही मरत नाहीं. उणें वीस अंशांत चोवीस तास गोठविल्यानें किंवा शिजविल्यानें मरतो. म्हणून हें काम जाणत्याच्याच हातचें खावें. आपल्या बाजारांतला मासा घरीं नेऊन कोणी सुशीचा प्रयोग करूं नये.

शेवटीं त्यानें एक रुपेरी, पातळ फांक भातावर ठेवली. मीठ लावून, शिरक्याच्या पाण्यांतून काढून, वाळविलेल्या समुद्रशेवाळाच्या दोन पट्ट्यांमध्यें दाबून ठेवलेली. किसु. ती आमच्या कन्येसाठीं होती. आईनें ती ओळखली. थोडा वेळ तिच्याकडे पाहिलें, मग नातीच्या पुढची ती उचलून स्वतःच्या तोंडांत टाकली.

आम्ही तिघेंही तिच्या तोंडाकडे पाहत होतों. मालकही हातांतली सुरी थांबवून पाहत होता. आईनें सावकाश चावलें. डोळे मिटले नाहींत, कीं वाहवा केली नाहीं. पाण्याचा घोंट घेतला आणि म्हणाली, “मीठ बराबर हा. वायच तिरफळ व्हयां होतां.”

कन्येनें भाषांतर केलें. ‘तिरफळ’ या शब्दाशीं ती अडली. तेव्हां आईनें बोटांनीं लहानसें गोल फळ दाखविलें, जीभ बाहेर काढून ती बधिर झाल्याचा अभिनय केला. मालकानें मागें वळून एक डबी काढली आणि चिमूटभर पूड तिच्या तळहातावर ठेवली. ती ‘सानशो’, तीही तिरफळाच्याच कुळांतली. आईनें हुंगली, चाटली आणि मालकाकडे पाहून अशी मान डोलाविली कीं, आपलें म्हणणें मान्य झाल्यावर फडांतला शाहीरसुद्धां तशी डोलावणार नाहीं. त्यानें मग दुसरी किसु करून तिच्यावर ती पूड भुरभुरली. ती मात्र नातीला मिळाली.

सोमवारीं आईचा उपास. शिराहामाच्या किनाऱ्यावर ती छत्रीखालीं केळें खात बसली. तेथें समुद्रांत शिरलेल्या खडकावर देवळाचें लाल तोरण उभें आहे. तिच्या दृष्टीनें तें सिंधुदुर्गाच्या जागीं चुकून आलेलें कांहीं तरी असावें, कारण तिनें त्याला हात जोडले. दुपारीं गाडीआधीं त्या गल्लींत जाऊन यावयाचा तिनें हट्ट धरला. बाई दुकान धूत होती. दोघीजणी एकमेकींशीं दहा मिनिटें बोलल्या, एक मालवणींत आणि दुसरी जपानींत. आम्हीं मध्यें पडण्याचें कारण दिसलें नाहीं. निघतांना बाईनें कागदांत गुंडाळलेलें एक पुडकें आईच्या हातांत दिलें.

गाडी सुटल्यावर आईनें तें उघडून हुंगलें. पोटांतून चिरून, मीठ लावून वाळविलेले चार ‘आजी’. आमच्या घरीं पावसाळ्यासाठीं माळ्यावर टांगलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास सगळ्या डब्यांत पसरला आणि पलीकडच्या बांकावरच्या गृहस्थांनीं खिडकीकडे तोंड फिरविलें. सौ. नी तें पुडकें घाईघाईनें पिशवींत घालूं म्हटलें. आईनें बोटांवर दिवस मोजले: नारळी पौर्णिमा ८ ऑगस्टला, आणि चतुर्थीसाठीं तिचें परतीचें विमान २० ला.

“बर्फाच्या कपाटात ठेव गो,” ती सौ. ना म्हणाली, “आणि पुनव होयसर चेडवाक हात लावूक देव नको.”